उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण : प्राध्यापकांना काय दिसते आणि काय दिसत नाही?

१४ जून २०२५ रोजी मुंबईत एक थाटाचा समारंभ झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यांच्या उपस्थितीत पाच परदेशी शिक्षणसंस्थांना इरादापत्रे देण्यात आली. ब्रिटनमधील यॉर्क आणि अ‍ॅबरडीन, ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील एक डिझाईन संस्था अशी ही पाच नावे. नवी मुंबईत विमानतळाच्या परिसरात आंतरराष्ट्रीय शिक्षणनगरी उभी राहणार, असे जाहीर झाले. आता मुलांना परदेशी जावे लागणार नाही, परदेशच आपल्या दारात येणार, असा स्वागताचा सूर सर्वत्र उमटला.

ज्ञान बाहेरून येत असेल तर दार लावून घ्या, असे म्हणणारे आम्ही नव्हे. ज्या समाजाचा उद्धारकर्ता कोलंबिया आणि लंडनहून विद्या घेऊन आला, तो समाज परदेशी विद्येचा विटाळ मानील हे शक्यच नाही. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे सांगणारे दुसरे होते. आमचा प्रश्न वेगळा आणि अगदी साधा आहे. परदेशी विद्यापीठ दारात आले हे खरे. पण दार कोणाचे?

हा प्रश्न मंत्र्यांना विचारण्याआधी आम्ही तो विद्यापीठांतील प्राध्यापकांना विचारू इच्छितो. मंत्री येतात आणि जातात. अभ्यासक्रम ठरवणारी मंडळे, विद्यापरिषद, प्रवेश समित्या, निवड समित्या या ठिकाणी प्राध्यापकच बसलेले असतात. आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे काय, याची त्यांची जी समजूत असेल तीच उद्या नियम होऊन आपल्या मुलांसमोर उभी राहणार आहे.

कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जेन नाईट यांनी २००३ साली केलेली व्याख्या जगभर प्रमाण मानली जाते. उच्च शिक्षणाचा हेतू, त्याचे कार्य आणि ते देण्याची रीत या तिन्हींत आंतरराष्ट्रीय, आंतरसांस्कृतिक आणि जागतिक अंग मिसळण्याची प्रक्रिया म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण, असा तिचा आशय. २०१५ साली हान्स डी विट आणि फिओना हंटर यांनी या व्याख्येत भर घातली. ही प्रक्रिया सर्व विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या शिक्षणाचा दर्जा वाढवण्यासाठी आणि समाजाला अर्थपूर्ण योगदान देण्यासाठी हेतुपूर्वक केलेली असावी, असे त्यांनी म्हटले. यातील ‘सर्व’ आणि ‘समाज’ हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. आपल्याकडे नेमके हेच दोन शब्द गळून पडतात.

चर्चासत्रांच्या निमित्ताने प्राध्यापक मंडळींशी बोलणे झाले की चार प्रकारच्या समजुती आढळतात. पहिली समजूत कागदाची. परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा फोटो छापून आला, नॅकच्या अहवालात एक ओळ वाढली, की आंतरराष्ट्रीयीकरण झाले! त्या कराराखाली किती विद्यार्थी गेले, किती आले, कोणत्या वर्गातले गेले, हे कोणी विचारीत नाही.

दुसरी समजूत बढतीची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. तीत राज्य पातळीवरील परिषदेपेक्षा राष्ट्रीय परिषदेला आणि राष्ट्रीयपेक्षा आंतरराष्ट्रीय परिषदेला जास्त गुण होते. परिणाम काय झाला? तालुक्याच्या महाविद्यालयांतही ‘आंतरराष्ट्रीय परिषदा’ भरू लागल्या. शेजारच्या देशातून एखादा पाहुणा आला, किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला कोणाचा तरी मेहुणा पडद्यावर दहा मिनिटे बोलला, की परिषद आंतरराष्ट्रीय! पैसे भरून निबंध छापणाऱ्या ‘इंटरनॅशनल जर्नल’चे पीक आले. ते आवरण्यासाठी आयोगाला २०१८ साली ‘केअर’ नावाची यंत्रणा उभी करावी लागली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची यादीही बंद करण्यात आली. या साऱ्याचा दोष एकट्या प्राध्यापकांना देणे अन्यायाचे होईल. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारा, सुटीत पगार नसलेला अध्यापक कोणत्या पैशाने परदेशी परिषदेला जाणार? पण नियम खोटा आहे हे माहीत असूनही तो निमूटपणे पाळायचा आणि त्यालाच विद्वत्ता म्हणायचे, ही सवय मात्र आपलीच आहे.

तिसरी समजूत क्रमवारीची. जगातील पहिल्या शंभरात, पाचशेत आपले नाव लागले पाहिजे. त्यासाठी परदेशी विद्यार्थी हवेत, परदेशी अध्यापक हवेत, इंग्रजीतून निबंध हवेत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत वाढीव जागा ठेवण्याची मुभा आयोगाने २०२२ साली दिली. येणारा विद्यार्थी कोण, हेही पाहा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ साली भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा, सुमारे २८ टक्के होता. पण वर्गात बसलेला नेपाळचा, अफगाणिस्तानचा किंवा आफ्रिकेतला विद्यार्थी आमच्या प्राध्यापकांना ‘आंतरराष्ट्रीय’ वाटत नाही. लंडनहून आलेले दोन ओळींचे पत्र मात्र वाटते. जगाचीसुद्धा वर्णव्यवस्था लावण्याची ही खोड कोठून आली, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

चौथी समजूत खरी आहे. परदेशी सहकाऱ्याबरोबर संशोधन करणे, आपला अभ्यासक्रम जगाच्या ज्ञानाशी ताडून पाहणे, विद्यार्थ्याला आपल्या गावापलीकडचे जग दाखवणे. अशी तळमळ असलेले प्राध्यापक आजही आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण त्यांच्या बोलण्यातही एक प्रश्न येत नाही. या देवघेवीत कोण सामील होणार आणि त्याचे पैसे कोण देणार? जात, वर्ग आणि पैसा हे विषय समाजशास्त्राच्या तासाला. आंतरराष्ट्रीयीकरणाच्या बैठकीत त्यांना प्रवेश नाही.

प्राध्यापकांनी हा प्रश्न सोडून दिला. बाजाराने तो केव्हाच सोडवून टाकला आहे. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या ‘खाउजा’ धोरणाचा एक पाय शिक्षणात आहे, हे आपली चळवळ पहिल्यापासून सांगत आली. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्या सेवाविषयक करारात, म्हणजे गॅट्समध्ये, शिक्षण ही विकता-विकत घेता येणारी सेवा ठरली. त्या करारात व्यापाराच्या चार वाटा सांगितल्या आहेत. सेवा सीमा ओलांडून जाते, जसे दूरशिक्षण. ग्राहक सेवेकडे जातो, जसा परदेशी शिकायला जाणारा विद्यार्थी. पुरवठादार ग्राहकाच्या देशात दुकान मांडतो, जसे परदेशी विद्यापीठाचे संकुल. आणि सेवा देणारा माणूसच दुसऱ्या देशात जातो, जसा अतिथी प्राध्यापक. प्राध्यापक ज्याला ज्ञानाची देवघेव म्हणतात तिलाच हा करार व्यापार म्हणतो. नवी मुंबईत जे येऊ घातले आहे ती तिसरी वाट होय.

आता कायद्याकडे वळू. परदेशी विद्यापीठांसाठी दार उघडणारे विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही. संसदेत विधेयक आले की चर्चा होते, अनुसूचित जाती-जमातींचे खासदार प्रश्न विचारतात, स्थायी समिती बसते. हे सारे टाळण्याचा सोपा मार्ग पुढे सापडला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने परदेशी विद्यापीठांना आमंत्रण दिले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विनियम काढून ते अमलात आणले. संसदेत जे झाले नाही ते अधिसूचनेने झाले. गुजरातच्या गिफ्ट सिटीसाठी तर निराळेच नियमन आहे. तिथे डीकिन आणि वोलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठे २०२४ साली सुरू झाली. आयोगाच्या विनियमांखाली ब्रिटनच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचे संकुल २०२५ साली गुरुग्राममध्ये सुरू झाले.

या विनियमांत काय आहे? जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेली संस्था येऊ शकते. प्रवेशाची पद्धत आणि निकष ती स्वतः ठरवणार. शुल्क ती ठरवणार. ते पारदर्शक आणि वाजवी असावे एवढीच अपेक्षा. अध्यापकांची भरती ती आपल्या निकषांनी करणार. परकीय चलनाच्या कायद्यानुसार पैसा मायदेशी नेता येणार. गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती ‘देता येईल’ असे म्हटले आहे. ‘द्यावी लागेल’ असे नाही. कायद्यात या दोन क्रियापदांच्या मध्ये आख्खा समाज बुडतो! आरक्षणाविषयी तर अवाक्षर नाही. मसुदा जाहीर झाला तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष एम. जगदेश कुमार यांनी आरक्षणाचा निर्णय त्या संस्थांवरच सोडला होता.

म्हणजे पाहा. केंद्रीय शिक्षणसंस्थांत अध्यापकांच्या आरक्षणासाठी विभागाला एकक धरायचे की विद्यापीठाला, यावर देशभर रान उठले. मार्च २०१८ च्या तेरा बिंदूंच्या नामावलीविरुद्ध लढा झाला आणि २०१९ साली संसदेला कायदा करून विद्यापीठ हेच एकक मानावे लागले. तरीही मुलाखतीनंतर ‘नॉट फाऊंड सुटेबल’चा शिक्का मारून राखीव जागा रिकाम्या ठेवण्याचा खेळ थांबला नाही. आता अशी विद्यापीठे येत आहेत की जिथे बिंदुनामावलीच नाही! रिकाम्या जागेवर हक्क सांगायचा तर आधी ती जागा राखीव असावी लागते.

शुल्काचे गणित तर शाळकरी मुलालाही कळेल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळायची तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे लागते. परदेशी शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीला ही मर्यादा आठ लाखांची आहे. गुरुग्रामच्या संकुलात पदवीच्या एका वर्षाचे शुल्कच दहा लाखांहून अधिक आहे. आठ लाख उत्पन्नाच्या घराने वर्षभर न खाता-पिता सगळा पैसा भरला तरी एक वर्षाची फी पुरी होत नाही. परदेशी जाणाऱ्यासाठी निदान एक शिष्यवृत्ती आहे. परदेशच इथे आला, तर त्याच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलासाठी कोणती आहे? २०२१-२२ साली देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी ६६.२३ लाख अनुसूचित जातींचे होते. ही मुले सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांच्या आधाराने वर आली. त्या महाविद्यालयांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, वर्ग तासिका तत्त्वावर चालवायचे, आणि शेजारी काचेची परदेशी इमारत उभी करायची, याला प्रगती म्हणावे काय?

यावर प्राध्यापक मंडळी दोन आक्षेप घेतात. एक असा, की अटी घातल्या तर परदेशी विद्यापीठे येणार नाहीत. हा आक्षेप विनियम न वाचता घेतलेला आहे. त्यात अटी आहेतच. इथली पदवी मूळ संकुलाच्या तोडीची असली पाहिजे. राष्ट्रहिताला बाधा आणणारा अभ्यासक्रम चालणार नाही. संकुल किंवा अभ्यासक्रम परवानगीशिवाय बंद करता येणार नाही. एवढ्या अटी मान्य करून संस्था येतात, तर सामाजिक न्यायाची अट ऐकूनच त्या विमान परत वळवतील असे कोणी ठरवले? आपल्याच मनातले भय परदेशी पाहुण्याच्या तोंडी घालू नये.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशातील वंशाचा निकष घटनाबाह्य ठरवला, त्याचा दाखला इकडचे आरक्षणविरोधक देऊ लागले आहेत. अमेरिकेची राज्यघटना अमेरिकेला लागू आहे. भारताच्या राज्यघटनेत कलम १५(४) आहे, १६(४) आहे, दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपण्याचा आदेश देणारे कलम ४६ आहे. आणि ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(५) स्पष्ट सांगते, की अल्पसंख्याक संस्था वगळता, अनुदानित असो वा विनाअनुदानित, खासगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठीही राज्याला कायद्याने विशेष तरतूद करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रमती प्रकरणात विनाअनुदानित खासगी संस्थांच्या बाबतीतही हे कलम वैध ठरवले. अधिकार आहे, न्यायालयाचा शिक्का आहे. नाही ती इच्छा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने खासगी उच्च शिक्षणसंस्थांत आरक्षणासाठी कायदा करावा अशी शिफारस केली. परदेशी विद्यापीठाचे संकुल हीही खासगी संस्थाच आहे. मग तिला कायद्याच्या बाहेर ठेवण्याचे कारण काय?

हे झाले येणाऱ्या परदेशाचे. आता जाणाऱ्या विद्यार्थ्याचे पाहू. केंद्राची परदेशी शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. वर्षाला जागा १२५, त्यांत अनुसूचित जातींना ११५. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५. ज्या देशातून २०२४ साली १३ लाखांहून अधिक विद्यार्थी परदेशात शिकत होते, त्या देशाने शोषित समाजाला दिलेली ही खिडकी. तीही धड उघडी नाही. २०२५ साली केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांच्या हाती तात्पुरती पत्रे पडली; उरलेल्या ६६ जणांना, निधी उपलब्ध झाल्यास विचार करू, असे कळवण्यात आले. परदेशी विद्यापीठाची तारीख थांबत नाही. पैशाचा पुरावा दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. निवडयादीत नाव आणि हातात पत्र नाही, अशा विद्यार्थ्याचे ते वर्ष कोणत्या कोषागारातून भरून येणार?

याहून गंभीर गोष्ट २०२२ साली घडली आणि आमच्या विद्यापीठांतून तिच्याविरुद्ध म्हणावा तसा आवाज उठला नाही. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. कारण असे सांगितले गेले, की या विषयांची साधने इथेच आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आता १९१६ साल आठवा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकणारा २५ वर्षांचा तरुण ९ मे रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात निबंध वाचतो. विषय भारतातील जाती, त्यांचे तंत्र, उगम आणि वाढ! २०२२ च्या नियमाने हा विषय शिष्यवृत्तीस अपात्र ठरला असता. एका संस्थानिकाने जे अडवले नाही ते स्वतंत्र भारताचे सामाजिक न्यायाचे खाते अडवते!

बाबासाहेबांना तो विषय इथे राहून मांडता आला नसता काय? प्रश्न साधनांचा नाही, जागेचा आहे. इथले विद्यापीठ जातीच्या प्रश्नावर बोलणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्याला तेव्हा समान आसन देत नव्हते. कोलंबियात त्यांना सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे गुरू भेटले, ते विद्यार्थ्याचा युक्तिवाद तपासत, त्याची जात नव्हे. आजही रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या मृत्यूंनंतर आपली विद्यापीठे किती बदलली, हे सर्वांना दिसते आहे. ज्याला या विद्यापीठांत श्वास घेता येत नाही, त्याने आपल्याच समाजाचा अभ्यास बाहेर जाऊन करू नये, या म्हणण्याला आंतरराष्ट्रीयीकरण म्हणत नाहीत. त्याला तोंड बंद करणे म्हणतात.

तोंड बंद करण्याची घाई का, तेही उघड आहे. जात विमानात बसून केव्हाच परदेशी पोहोचली आहे. अमेरिकेतील ब्रँडाईस विद्यापीठाने २०१९ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या २३ संकुलांसाठी तेच केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते रोखले. ब्रिटनमध्ये समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याचे बंधन २०१३ साली सरकारवर घातले गेले होते; २०१८ साली सरकारने त्यातून माघार घेतली. या लढ्यांत तिथे शिकणारी आणि राबणारी आपली मुले पुढे होती. विरोधात कोण उभे होते हेही जगाने पाहिले. म्हणजे कॅलिफोर्नियातले विद्यापीठ जात ओळखते, आणि भारतात येणाऱ्या परदेशी विद्यापीठाला मात्र जात दिसू नये अशी व्यवस्था भारतच करून देतो. असला उफराटा न्याय जगात दुसरीकडे सापडणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारताने पुन्हा ‘विश्वगुरू’ व्हावे असे म्हटले आहे आणि नालंदा, विक्रमशिला यांची नावे अभिमानाने घेतली आहेत. जून २०२४ मध्ये राजगीर येथे नालंदा विद्यापीठाच्या नव्या संकुलाचे उद्घाटनही झाले. आम्हाला आनंदच आहे. पण नालंदा कोणाची होती, हे सांगताना जीभ का अडखळते? ती बौद्ध महाविहार होती. ह्युएन त्संग चीनहून आला, शीलभद्रांच्या पायाशी बसून शिकला आणि ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावे, ज्याला हवे त्याने घ्यावे आणि आपल्या भाषेत न्यावे, ही तेथील रीत. गुरू म्हणवून घेण्याचा सोस भगवंतांना नव्हता. स्वतः तपासून पाहा, पटले तर घ्या, ही त्यांची शिकवण. विश्वगुरू होण्यापेक्षा विश्वाचे विद्यार्थी होणे अधिक कठीण आणि अधिक उपयोगी आहे.

आपल्या परंपरेला आंतरराष्ट्रीय होण्यासाठी सामंजस्य कराराची गरज कधी पडली नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या तरुणांनी १९७२ साली ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी केली. २००१ साली डर्बनच्या परिषदेत भारत सरकारच्या विरोधाला न जुमानता आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगासमोर ठेवला. हे आंतरराष्ट्रीयीकरण आमच्या किती विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहे? धोरणात ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा खरा अर्थ हाच, की नांदेडच्या वर्गात बसलेल्या, पासपोर्ट नसलेल्या विद्यार्थिनीलाही जात आणि वंश यांची तुलना शिकता यावी, दक्षिण आफ्रिकेचा लढा कळावा, आपल्या प्रश्नाला जगात भावंडे आहेत हे समजावे. याला शिक्षणनगरी लागत नाही. शिकवणारा पूर्णवेळ अध्यापक लागतो आणि ग्रंथालय लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या विद्यापीठांतील पाली विभागांत म्यानमार, थायलंड, व्हिएतनामचे भिक्खू शिकायला येत आले आहेत. हे विभाग पूर्ण क्षमतेने चालवणे, हे कोणत्याही इरादापत्राहून मोठे आंतरराष्ट्रीय काम ठरेल.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कलम १५(५) खाली संसदेने कायदा करून खासगी आणि परदेशी अशा सर्व उच्च शिक्षणसंस्थांत आरक्षण लागू करावे. तोपर्यंत राज्य सरकारने आपल्या हातातले साधन वापरावे. जिथे सार्वजनिक जमीन किंवा सवलत द्यायची आहे तिथे करारातच अट लिहावी, की ठरावीक जागा अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शुल्कमाफीने मिळतील. हे नवे नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बलांसाठी ठेवाव्याच लागतात. रुग्णालयाला जे लागू होते ते विद्यापीठाला का नाही? परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा वाढवाव्यात, पत्रे विद्यापीठांच्या मुदतीआधी द्यावीत आणि २०२२ ची विषयबंदी उठवावी. प्रत्येक परदेशी संकुलाने आपल्या विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची सामाजिक प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी.

आणि प्राध्यापकांकडे एकच मागणी आहे. पुढच्या वेळी विद्यापरिषदेत परदेशी विद्यापीठाशी कराराचा मसुदा येईल तेव्हा एका प्राध्यापकाने तरी उभे राहून विचारावे, की या कराराखाली जाणाऱ्या पहिल्या दहा विद्यार्थ्यांत आमच्या वस्तीतली मुले किती असतील आणि त्यांचा खर्च कोण करील? उत्तर मिळेपर्यंत तो विषय मंजूर होऊ देऊ नये आणि प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. शिकलेल्या माणसांनी फसवले, अशी वेदना बाबासाहेबांनी आग्र्याला बोलून दाखवली, त्याला १९५६ पासून किती वर्षे झाली याचा हिशेब आपण सर्वांनीच करायचा आहे. प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या आपल्या बांधवांनी तर तो आधी करावा. त्या खुर्चीत बसून एवढा एक प्रश्न विचारायला कोणत्याही परदेशी विद्यापीठाची परवानगी लागत नाही.